उकळलेले पाणी आणि नदीची तपासणी

‘पाणी उकळून पितो, मग काळजी कसली?’ असे वणीत रुग्ण मला नेहमी विचारतात. उकळल्याने जंतू मरतात. कारखान्याच्या सांडपाण्यातले क्रोमियम, शिसे तसेच राहते. म्हणून नदीच तपासावी लागते. गोदावरीचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. त्यातला ‘बीओडी’ म्हणजे घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू. स्नानाच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. ही चाचणी मूळची थंड इंग्लंडची. तिकडे नमुना २० अंशांवर ५ दिवस ठेवतात, आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त मावतो: शून्य अंशाला साडेचौदा मिलिग्रॅम, तिसाला जेमतेम साडेसात. त्यामुळे थंडीत खपून जाणारे सांडपाणी चैत्रात मासे मारते. धातू मात्र बीओडीत दिसत नाहीत. विहीर कारखान्याच्या खालच्या अंगाला असेल, तर धातूंची चाचणी वेगळी करून घ्या.