टार क्रीकचे केशरी पाणी

सेंट लुईसहून टल्साला मोटारीने जाताना ओक्लाहोमाच्या ईशान्य कोपऱ्यात मायामी नावाचे गाव लागते. (फ्लॉरिडातले नव्हे!) तिथून थोडे उत्तरेला वळलात, तर सपाट माळावर करड्या टेकड्या दिसू लागतात. आमच्या धाकटीने विचारले, "बाबा, इथे डोंगर कुठून आले?" ते डोंगर नव्हतेच. शिसे आणि जस्त काढून घेतल्यावर उरलेली ती खडी. इकडचे लोक तिला 'चॅट' म्हणतात.

इथे पिचर नावाचे गाव होते. १९२६ साली वस्ती चौदा हजारांच्या वर. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने वापरलेल्या शिशा-जस्तापैकी निम्म्याहून अधिक याच पट्ट्यातले, असे सांगतात. बेसबॉलचा मिकी मँटल शेजारच्या कॉमर्स गावात वाढला. त्याचे वडील खाणीत कामाला होते. जमीन मात्र बरीचशी क्वापॉ या मूळ रहिवासी जमातीची. धातू बाहेर गेला, खडी त्यांच्या पदरात राहिली.

खाणी चालू होत्या तोवर पंप सतत पाणी उपसत. १९७० च्या सुमारास खाणी संपल्या आणि पंपही थांबले. आता गंमत पाहा. खडकात गंधकयुक्त लोहखनिज होते. इतकी वर्षे बोगद्यांत हवा खेळत राहिल्याने त्यावर एक प्रकारचा गंज चढला होता. पाणी भरले तसा तो विरघळून गंधकाम्ल झाले, आणि त्या आम्लाने जस्त, कॅडमियम, शिसेही सोबत घेतले. १९७९ साली हे पाणी जमिनीवर आले. उघड्यावर येताच त्यातले लोह गंजते, म्हणून टार क्रीक केशरी झाला.

पाण्याचा रंग निदान दिसतो तरी. चॅटचे तसे नाही. फुकटची खडी म्हणून लोकांनी ती अंगणात, रस्त्यावर, मुलांच्या खेळण्याच्या वाळूतही टाकली. रांगते मूल हात तोंडात घालणारच. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते आणि वाढत्या मेंदूचे नुकसान होते, तेही भरून न येणारे. १९९४ मध्ये इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या (हे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे) तपासणीत सुमारे ३५ टक्के मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. परिसर १९८३ पासूनच सुपरफंडच्या यादीत होता. अकरा वर्षे कोणी मुलांकडे नीट पाहिले नव्हते, याचा मला आजही राग येतो.

मग अंगणातली माती बदलण्यात आली. २००६ च्या पाहणीत घरांखालची जमीनच पोकळ असल्याचे स्पष्ट झाले, आणि सरकारने घरे विकत घेऊन लोकांना हलवायचे ठरवले. २००८ च्या मे महिन्यात चक्रीवादळाने उरलेसुरले मोडले. २००९ मध्ये नगरपालिका बरखास्त झाली. २०१३ पासून क्वापॉ जमात स्वतःच खडी उचलू लागली आहे.

टार क्रीक पुढे निओशो नदीला मिळतो आणि ते पाणी ग्रँड लेकला जाते. उन्हाळ्यात तिकडे बोटीला जाणाऱ्या मासेखाऊ मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी: शिसे माशाच्या हाडांत साठते. खाण परिसरातल्या पाण्यातले मासे काट्यांसकट खाऊ नयेत, असे राज्याच्या पर्यावरण खात्याने सांगितले आहे.