पार्सल परत फिरण्याआधी

‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ विक्रेत्याच्या पॅनलवर ही ओळ उमटली की चंद्रपूरच्या तुकूममध्ये किंवा मूलच्या बाजारपेठेत बसलेला दुकानदार मनातल्या मनात ते पार्सल सोडून देतो आणि पुढच्या ऑर्डरचं लेबल काढायला घेतो. ऑनलाइन विक्रीत सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, असं माझं ठाम मत आहे. कारण ती ओळ आली त्या दिवशी पार्सल कुठेच गेलेलं नसतं. ते गडचिरोलीच्या किंवा आलापल्लीच्या कुरिअर ऑफिसात पडून असतं आणि बऱ्याचदा एका फोनवर ग्राहकाच्या हातात पोचण्यासारखं असतं. दोन-तीन दिवसांनी मात्र ते परतीच्या गाडीत चढतं. मग कोणाच्याही फोनने थांबत नाही.

आधी हे चक्र समजून घेऊ. कुरिअरवाला साधारण तीन वेळा प्रयत्न करतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद कारणासह होते: फोन लागला नाही, पत्ता अपुरा, घराला कुलूप, ग्राहकाने नंतर बोलावलं, ग्राहकाने नाकारलं. या नोंदीला धंद्यात ‘एनडीआर’ म्हणतात. स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा कुरिअर जोडून देणाऱ्या कंपन्यांमार्फत माल पाठवणाऱ्याला इथे उत्तर देता येतं. पुन्हा प्रयत्न करा, हा दुसरा नंबर घ्या, पत्त्यात ही खूण जोडा, असं कळवता येतं. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांच्या पॅनलवर विक्रेत्याला एवढी मोकळीक नसते, पण तिथेही पार्सल कुठे अडलं ते दिसतं आणि तक्रार नोंदवता येते. उत्तर गेलं नाही, तर पार्सलवर ‘आरटीओ’ म्हणजे मूळ ठिकाणी परत असा शिक्का बसतो. ग्राहकाने माल घेऊन, वापरून परत केला तर तो ‘कस्टमर रिटर्न’. दोन्हींचे नियम, दर आणि दाव्याच्या मुदती वेगळ्या असतात. वहीत दोघांची बेरीज एकाच रकान्यात मांडणाऱ्याला आपलं नुकसान कुठे होतं ते कधीच कळत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बारा तालुक्यांचा, बहुतांश जंगलाचा. रेल्वे पोचली ती उत्तरेकडच्या वडसा-देसाईगंजपर्यंत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून भामरागड सुमारे १८० किलोमीटर, सिरोंचा दोनशेच्या पुढे. चंद्रपूरहून गडचिरोली जेमतेम ऐंशी किलोमीटर असलं, तरी दोन्हींमधलं पार्सल बहुतेकदा आधी नागपूरच्या हबला जातं आणि तिथून खाली उतरतं. शेवटचा टप्पा मोटारसायकलवर. आलापल्लीच्या पुढे एका गावात एक पार्सल असेल, तर ते टाकण्यासाठी निम्मा दिवस मोडतो. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगेचा फुगवटा येतो आणि आरमोरीकडची पाल नदी वाट अडवते. अशा दिवसांत ‘ग्राहक उपलब्ध नाही’ ही नोंद आली, तर ग्राहक घरातच असतो, रस्ता उपलब्ध नसतो. पार्सल पोचवणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर कारणांची यादी ठरलेली असते, त्यातलं जवळचं बटण तो दाबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक पार्सलमागे मोजके पैसे मिळणाऱ्या माणसाने वाहत्या पुलावर गाडी घालावी, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

पाण्याइतकंच कामाचं वेळापत्रकही पार्सल परत पाठवतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला घरदार पहाटेच रानात जातं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. दुपारपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच असतात. जुलै-ऑगस्टात रोवणी. त्यात गावात नेटवर्क एखाद्या टेकाडावर किंवा रस्त्याच्या वळणावर मिळणार. कुरिअरचा फोन अकराला येतो आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकून कापला जातो. तोच ग्राहक संध्याकाळी सातला फोन उचलतो आणि सांगतो, ‘मी दिवसा बांधीत असतो जी. बाजाराच्या दिवशी आलापल्लीला येतो, तवा घेतो म्हणा त्याईले.’ या एका वाक्यात डिलिव्हरीचा दिवस, जागा आणि खात्री तिन्ही मिळतात. ती पॅनलवर किंवा कुरिअर ऑफिसात पोचवणं एवढंच विक्रेत्याचं काम उरतं. म्हणून फोन सकाळी न करता दिवेलागणीनंतर करावा आणि आठवडी बाजाराचा वार विचारून घ्यावा. जंगल भागात वीस-पंचवीस गावं बाजाराच्या दिवशी एका ठिकाणी येतात. पार्सल पोचवायला याहून सोपा दिवस नाही.

पण अर्धी लढाई पत्त्यातच असते. आपल्याकडच्या गावांची नावं पाहा. नवेगाव किती आहेत? नागभीड तालुक्यात नवेगाव पांडव, पोंभुर्ण्याकडे नवेगाव मोरे, गडचिरोलीजवळ आणखी एक. जुन्या जमाबंदीतून आलेली चक, माल, तुकूम ही शेपटं गावाच्या नावाला चिकटलेली असतात. एकाच नावाचं ‘माल’ एकीकडे आणि ‘चक’ दुसरीकडे. ग्राहक ऑर्डर देताना शेपूट गाळतो, कारण गावात बोलताना ते कोणी म्हणत नाही. त्याला टोल्याचं, म्हणजे आपल्या वस्तीचं, नाव आठवतं, पण फॉर्ममध्ये टोल्याला रकाना नसतो. मग लेबलवर येतं ते असं: ‘शाळेजवळ, नवेगाव, जि. गडचिरोली’. या पत्त्यावर पार्सल पोचलं तर त्याचं श्रेय कुरिअरवाल्याच्या ओळखीपाळखीला. जिवती तालुक्यात अडचण आणखी वेगळी. तिथल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, अनेकांकडे दोन्ही राज्यांची कागदपत्रं आहेत. तिथल्या ग्राहकाचा पत्ता फोनवर पडताळल्याशिवाय माल बांधूच नये.

पत्त्यातले सहा आकडे आपल्याला एका मराठी माणसाने दिले. केळशीचे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि डाक खात्यातले अधिकारी. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि चुकीचे पत्ते यांतून टपाल सुटावं, हाच त्यामागचा हेतू. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे. गडचिरोली जिल्हा मात्र या छाटणीत दुभागला आहे. आरमोरी, वडसा, कुरखेडा ४४१ मध्ये, तर गडचिरोली, चामोर्शी, अहेरी, सिरोंचा ४४२ मध्ये. एटापल्ली ४४२७०४, अहेरी ४४२७०५, भामरागड ४४२७१०. एक आकडा चुकला की पार्सल दुसऱ्या तालुक्याच्या गाडीत बसतं, आणि तिथला मुलगा प्रामाणिकपणे लिहितो, ‘असा पत्ता नाही’. खासगी कंपन्या एखाद्या ठिकाणी सेवा द्यायची की नाही तेही पिनवरूनच ठरवतात. म्हणून ऑर्डर आली की गाव, तालुका आणि पिन एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला अर्धं मिनिट द्यावं. डाक खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. दहा अक्षरांचा हा कोड सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो. पत्त्याच्या जोडीला तो मागून घ्यायची सवय लावली, तर विखुरलेल्या टोल्यांसाठी फार उपयोगाची गोष्ट आहे.

परतीचा खर्च किती, याचा अंदाज अनेकांना नसतो. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे चंद्रपूरकडे बांबूच्या वस्तू करणारे हात वाढले. समजा, बांबूचा एक लॅम्पशेड आहे. वजन किलोभरच, पण खोका चाळीस बाय तीस बाय तीस सेंटीमीटरचा. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची गुणून सामान्यतः पाच हजाराने भागतात. छत्तीस हजार भागिले पाच हजार, म्हणजे ७.२ किलो. तुमच्या एक किलोच्या दिव्याला सात किलोंच्या वरचं भाडं लागतं. स्वतः कुरिअर लावणाऱ्याला परतीचं भाडंही बहुधा त्याच हिशेबाने बसतं. त्यात खोका, टेप, बबल रॅप वाया, आणि दोन-तीन आठवडे माल अडकलेला. तांदूळ, मध, मोहाचे लाडू अशा मालाला तर परतीत ओल लागते, मुदत सरते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं एचएमटी वाण देशभर गेलं. त्या भागातून तांदूळ थेट ग्राहकाला विकणाऱ्याने पहिल्यांदा ऑर्डर देणाऱ्याला पाच किलोची पिशवी रोखीवर पाठवू नये, एक किलोची पाठवावी, असं मी सुचवेन.

रोखीचा मुद्दा टाळता येणार नाही. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय आणली आणि ऑनलाइन खरेदी लहान गावांपर्यंत गेली. पण आधी पैसे न दिलेल्या मालाला नाही म्हणणं सोपं असतं. रोख पूर्ण बंद करा, असा सल्ला शहरातले जाणकार देतात. मला तो आपल्या भागासाठी चुकीचा वाटतो. मजुरी हातात रोखीने येते, यूपीआय नेटवर्कवर अडतं, आणि फसवणुकीची भीतीही खरी आहे. त्यापेक्षा माल निघण्याआधी एक फोन करावा. ‘दादा, तुमची ऑर्डर आली आहे, उद्या निघते, साडेतीनशे रुपये तयार ठेवाल ना?’ जो या प्रश्नावर चाचरतो, त्याचं पार्सल बांधूच नये. बाजारपेठेने ग्राहकाचा नंबर झाकला असेल, तर पॅनलवरून संदेश पाठवण्याची जी सोय असेल ती वापरावी.

इतकं करूनही काही पार्सलं परत येणारच. परतीची पार्सलं गठ्ठ्याने येतात आणि मुलगा घाईत असतो. तो म्हणतो, ‘भाऊ, सगळे आहेत, सही करा.’ तेव्हा सही थांबवून प्रत्येक पार्सलचा नंबर यादीशी ताडून पाहावा. फाटलेलं किंवा दुसऱ्याच टेपने चिकटवलेलं दिसलं, तर पोचपावतीवर तसा शेरा लिहावा. उघडताना मोबाइल स्टँडवर ठेवून एकसलग चित्रीकरण करावं: आधी लेबलवरचा नंबर स्पष्ट, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग काट्यावर वजन, मग टेप कापणं, मग आतला माल. मध्ये कॅमेरा बंद केला की दावा कमकुवत होतो. नवी साडी पाठवली आणि जुनं फडकं परत आलं, असे प्रकार घडतात. भरपाईसाठी ॲमेझॉनवर सेफ-टी दावा आहे, फ्लिपकार्टवर विक्रेता संरक्षण निधी आहे. मुदती मोजक्या दिवसांच्या असतात आणि बदलत राहतात. त्यामुळे पार्सल आलं त्याच संध्याकाळी ते उघडावं. रविवारी एकदम बघू म्हणून कोपऱ्यात रचलेले खोके दाव्याचा हक्क घालवतात.

हिशेबाचं एक कलम बहुतेक जण विसरतात. माल निघाला तेव्हा बिल फाटलं, जीएसटी लागला. माल परत आला की क्रेडिट नोट काढून ती विवरणपत्रात दाखवावी लागते. नाहीतर न विकलेल्या मालावर कर भरला जातो. बाजारपेठ विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्के कर (टीसीएस) कापते, जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता. परतावे वजा झाले का, हे दर महिन्याला ताडून पाहावं. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्यांना आणि बचत गटांना जीएसटी क्रमांकाशिवायही ऑनलाइन विकता येतं, पण फक्त राज्याच्या आत. म्हणजे सिरोंचाचा गट मुंबईला माल पाठवू शकतो, प्राणहितेपलीकडच्या तेलंगणातल्या गावाला पाठवू शकत नाही. नदीकाठच्या विक्रेत्यांसाठी हा नियम जाचक आहे आणि तो बदलायला हवा.

जिथे खासगी कुरिअर थांबतं, तिथे डाकघर पोचतं. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरं आहेत, दहातली नऊ ग्रामीण भागात. माल देऊन पैसे वसूल करण्याची व्हीपीची पद्धत टपाल खात्याने १८७७ सालीच सुरू केली होती. मराठी प्रकाशकांनी आणि दिवाळी अंकांनी तिच्यावर पिढ्यान् पिढ्या धंदा केला, आणि परत आलेल्या व्हीपींचा भुर्दंडही सोसला. व्हीपी घ्यायला ग्राहकाला नोटीस देऊन सात दिवसांची सवड मिळत असे. भामरागड-एटापल्लीसाठी आजच्या खासगी कंपन्यांनीही एवढी सवड द्यावी, निदान पूर असताना परतीचा शिक्का मारू नये. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार उशिरा पोचलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, पण हाताबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर त्याला सूट आहे. ग्राहकाशी व्यवहारात ही सूट मान्य असेल, तर कुरिअरच्या करारातही ती हवी. जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि बचत गटांच्या महासंघांनी ही मागणी एकत्र लावून धरावी. एकट्या विक्रेत्याचं कंपनी ऐकणार नाही.

आणि ग्राहकांना एक विनंती. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, लिंकवर माहिती भरा’ असे खोटे एसएमएस डाक खात्याच्या नावाने फिरतात. त्यातली लिंक उघडू नका, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. पण त्या भीतीने कुरिअरवाल्याचा खरा फोन टाळू नका. पत्त्यात टोला, तालुका आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर लिहा. माल नको झाला असेल, तर तो निघण्याआधी ऑर्डर रद्द करा. रद्द करायला तुम्हाला काही खर्च येत नाही. दारातून परत पाठवलेल्या पार्सलचा खर्च मात्र चिचपल्लीच्या किंवा नागभीडच्या कोणातरी विक्रेत्याच्या खिशातून जातो.