ओल नेमकी कुठून येतेय?

भिंतीचे पोपडे निघाले की आपण लगेच रंगाऱ्याला फोन लावतो. थांबा! आधी ओल कुठल्या उंचीवर आहे ते बघा.

जमिनीलगत, साधारण ३ फुटांपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा? मग बहुधा पाणी जमिनीतून वर चढतंय. विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर येतं, सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. जोत्यावरचा ओलरोधक थर नसला किंवा फुटला की हे होतं.

डाग फक्त पावसाळ्यात वाढतो? बाहेरच्या भिंतीच्या भेगा तपासा. बारा महिने ओला? पलीकडे बाथरूम आहे का बघा. कपाटामागे काळी बुरशी असेल तर बऱ्याचदा दोष कोंडलेल्या दमट हवेचा असतो.

शंका असेल तर वीतभर प्लॅस्टिक चिकटपट्टीने चारही बाजूंनी भिंतीवर घट्ट लावा. दोन दिवसांनी थेंब आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतलं.

आणि ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग? मी ती चूक केलीय. पाणी आत अडकलं आणि पुढच्या पावसाळ्यात फुगे थेट खिडकीपर्यंत पोचले.