उत्तरे किती, आणि केव्हा?



आपल्या चलथाणच्या साखर कारखान्याच्या गाळपाचा एकूण आकडा हंगामअखेरीस कळतो. ऊस तोडून रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या आकड्याचा काय उपयोग? आपली गाडी काट्यावर केव्हा चढते, ही त्याची चिंता. कारण तोडलेला ऊस वाळतो आणि उतारा घटतो. संगणकाच्या माहितीसंचाला प्रश्न विचारून पडद्याकडे पाहत बसलेल्याची अवस्था याहून फारशी निराळी नसते.

अशी उत्तरे शोधणाऱ्या आज्ञावलीस क्वेरी इंजिन म्हणतात. १९८३ च्या विस्कॉन्सिन कसोटीपासून तिची परीक्षा मुख्यतः एकाच मापाने होत आली : काम पुरे होण्यास किती वेळ लागला? आता समजा, शंभर उत्तरे हवी आहेत. पहिले इंजिन सेकंदाला दहा याप्रमाणे दहा सेकंदांत ती देते. दुसरे दहा सेकंद गप्प राहून सारी एकदम ओतते. तिसरे तीन सेकंदांत नव्वद देते, पण उरलेल्या दहांसाठी बाराव्या सेकंदापर्यंत रेंगाळते. जुन्या मापाने पहिली दोन बरोबरीची आणि तिसरे नापास! हा न्याय मला तरी मान्य होत नाही.

मारिबेल अकोस्ता, मारिया-एस्थर विदाल व यॉर्क श्युर-फेटर यांनी २०१७ मध्ये यावर उपाय सुचविला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर हाती आलेली उत्तरे. आलेखाखालचे क्षेत्रफळ हेच माप. दहाव्या सेकंदापर्यंत पहिल्याचे क्षेत्रफळ ५००, दुसऱ्याचे जवळजवळ शून्य, तिसऱ्याचे साडेसातशेच्याही वर. ठरावीक संख्येची उत्तरे येईपर्यंतचे क्षेत्रफळही मोजता येते. तेथे मात्र लहान आकडा चांगला.

हा विचार आपल्याकडे अपरिचित नव्हता. पवईच्या आय.आय.टी.त एस. सुदर्शन, सौमेन चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बँक्स’ ही शोधप्रणाली सर्व उत्तरे गोळा होण्याची वाट पाहत नसे. सापडलेली उत्तरे ती एका छोट्या राखीव जागेत ठेवी आणि जागा भरली की त्यांतील सर्वोत्तम बाहेर सोडी. जागा मोठी केली तर क्रम अधिक अचूक, पण पहिले उत्तर उशिरा; लहान केली तर उत्तर लवकर, पण क्रमात चूक संभवते. ही चूक क्षेत्रफळाच्या मापाला दिसत नाही. ते उत्तरे मोजते, त्यांची योग्यता नव्हे.