नोकरी सुटल्यावर घरभाडं

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली की आधी झोप उडते ती घरभाड्यामुळे. किराणा कमी करता येतो, मुलाचा क्लास दोन महिने पुढे ढकलता येतो; भाडं मात्र ठरल्या तारखेला पूर्णच द्यावं लागतं. अशा वेळी काही जण घरमालकाचे फोन टाळू लागतात, तर काही जण पहिल्याच आठवड्यात कर्जाच्या ॲपकडे धाव घेतात. दोन्ही महागात पडतं. या काळात पैसे उभे करण्याला एक क्रम आहे आणि त्यात सगळ्यात आधी येतं ते घरमालकाशी मोकळेपणाने बोलणं.

खंड किती, भाडी किती

बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. नोकरी नसलेले महिने मोजून चालत नाही. शेवटचा पगार आणि नव्या नोकरीचा पहिला पगार यांच्यामध्ये भाड्याच्या किती तारखा येतात ते मोजावं लागतं.

समजा, वाकडला 24,000 रुपये भाड्याचा फ्लॅट आहे आणि भाडं दर 5 तारखेला जातं. 31 मार्चला नोकरी संपली, शेवटचा पगार हातात आला. नवी नोकरी 16 जूनला सुरू झाली. अनेक कंपन्यांत पगाराची यादी महिन्याच्या मध्यालाच बंद होते, त्यामुळे जूनच्या पंधरवड्याचे पैसे जुलैच्या पगारात, म्हणजे 31 जुलैला मिळाले. घरी बसलो अडीच महिने. पण एप्रिल, मे, जून, जुलै अशी चार भाडी गेली. म्हणजे 96,000 रुपये. नव्या कंपनीत रुजू होण्याची तारीख ठरवताना एचआरला विचारून घ्या, कोणत्या तारखेपर्यंत रुजू झालं तर त्याच महिन्याचा पगार निघेल. चार दिवस आधी रुजू झाल्याने एका भाड्याची चिंता मिटू शकते.

घरमालकाशी कधी आणि कसं बोलायचं

भाडं थकण्याआधी. पहिला हप्ता चुकल्यानंतर तुम्ही जे सांगाल ती सबब वाटते. त्याआधी सांगितलं तर तोच शब्द विश्वासाचा ठरतो. लाज वाटते हे मान्य आहे, विशेषतः घरमालक वडिलांच्या वयाचे असतील तर. पण त्यांचीही बाजू लक्षात घ्यायला हवी. कित्येक निवृत्त जोडप्यांचा महिना या भाड्यावर चालतो आणि कित्येक फ्लॅटचा गृहकर्जाचा हप्ता याच पैशातून जातो. त्यांना माफी नको असते, भाडं कधी आणि कुठून येणार हे कळायला हवं असतं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे डिपॉझिट. तीन महिन्यांचं, म्हणजे 72,000 रुपये डिपॉझिट दिलेलं असेल तर त्यातून दोन भाडी वळती करून घ्यायची विनंती करता येते. मालकाकडे एका महिन्याची रक्कम उरते, तुमच्यावरचा 48,000 रुपयांचा भार पुढे जातो. मालकाने हे मान्य केलंच पाहिजे असं नाही. तो त्याचा अधिकार आहे. म्हणून मागणी नेमकी ठेवा. व्हॉट्सॲपवर असा निरोप पुरतो:

“काका, नमस्कार. माझी नोकरी 31 मार्चला संपते आहे. दोन ठिकाणी मुलाखती सुरू आहेत. एप्रिलचं भाडं नेहमीसारखं 5 तारखेला देतो. मे आणि जूनचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्याल का? नवा पगार सुरू झाला की दरमहा भाड्यासोबत 8,000 रुपये देऊन सहा महिन्यांत डिपॉझिट पूर्ववत करतो. लाइट बिल मीच भरत राहीन. रविवारी सकाळी येऊन बोललो तर चालेल का?”

यात तारखा आहेत, रक्कम आहे आणि परतफेडीचा मार्ग आहे. रविवारी जे ठरेल ते परत लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून “ठीक आहे” एवढं तरी उत्तर घ्या. पुढे घर सोडताना डिपॉझिटच्या हिशोबावर वाद झाला तर हाच कागद कामी येतो. काही मालक डिपॉझिटला हात लावू देत नाहीत, पण दोन महिने अर्धं भाडं घेऊन उरलेलं नंतर घ्यायला तयार होतात. तेही चांगलंच आहे.

करार काढून वाचा

महाराष्ट्रात आता बहुतेक घरं ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, साधारण 11 महिन्यांच्या कराराने दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करारात तीन गोष्टी शोधा: घर सोडण्यासाठी किती दिवसांची नोटीस, लॉक-इन किती महिन्यांचं, आणि भाडं थकल्यावर मालक काय करू शकतो. लॉक-इन संपलेलं नसेल तर लवकर घर सोडूनही उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

कराराची मुदत नेमकी या खंडात संपत असेल तर जास्त सावध राहा. मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर कलम 24 नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. मात्र तेव्हाही घर खाली करून घेण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कुलूप बदलणं किंवा पाणी तोडणं हा कायद्याचा मार्ग नाही.

आपलेच अडकलेले पैसे

कर्जाचा विचार करण्याआधी जुन्या कंपनीकडून काय येणं आहे ते पाहा. फुल अँड फायनलमध्ये राहिलेला पगार आणि शिल्लक रजांचे पैसे असतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडली, काढून टाकलं किंवा छाटणी झाली तरी देय वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायला हवं. प्रत्यक्षात कंपन्या महिना-दीड महिना घेत आल्या आहेत, म्हणून शेवटच्या दिवसाआधीच एचआरला ईमेल करून रक्कम आणि तारीख लेखी विचारा. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते: दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन, आणि ती 30 दिवसांत द्यावी लागते.

मग पीएफ. 2018 पासून नोकरी सुटून महिना झाल्यावर खात्यातली 75 टक्के रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही 75 टक्के रक्कम लगेच आणि उरलेली 12 महिन्यांनी काढू देण्याचं ठरवलं. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी लागू असलेला नियम पाहून घ्या. मात्र अनेकांचं गाडं अडतं ते कागदांवर. यूएएनला आधार आणि बँक खातं जोडलेलं नसतं किंवा कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ही तारीख स्वतः भरायची झाली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं, आणि नेमके तेच दोन महिने भाड्याचे असतात. त्यामुळे लॅपटॉप परत करताना तारीख भरून घेण्याचा आग्रह धरा.

पीएफला हात लावावा का? माझं मत असं की दोन भाड्यांपुरता लावावा, त्यापुढे नाही. एकूण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेल्या रकमेवर करही लागू शकतो. शक्य असेल तर जुनं खातं नव्या नोकरीत वर्ग करणं केव्हाही बरं.

चाकण-भोसरीच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आणि दोघा-तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराकडे बहुधा नोंदणीकृत करार नसतो. डिपॉझिटही जेमतेम एका महिन्याचं असतं. पण त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर एक हक्क त्याच्याकडे आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. पात्र कामगाराला बेरोजगारीत सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के भत्ता, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी मिळतो. किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी झालेली असावी लागते आणि गैरवर्तनामुळे काढून टाकलेलं नसावं. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक घेऊन थेट जवळच्या शाखा कार्यालयात जा. महिना 18,000 रुपये मिळवणाऱ्याच्या हातात यातून साधारण 9,000 येतात. खोलीचं भाडं आणि मेसचा बराचसा भाग त्यात भागतो. ठेकेदाराने पगारातून पैसे कापून भरलेच नसतील तर तेही याच वेळी उघड होतं, आणि त्याची तक्रार तिथेच करावी.

उसने आणि कर्ज

भिशीत असाल तर या महिन्याचा नंबर मागून घ्या. अडचण सांगितली की सहसा कुणी नाही म्हणत नाही. मुदत ठेव असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. त्यानंतर सोनेतारण, बँकेत किंवा ओळखीच्या पतसंस्थेत.

क्रेडिट कार्डवरून भाडं भरण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या नियमांनंतर अनेक ॲपांनी बंद केली. उरतो तो कार्डावर रोख रक्कम काढण्याचा रस्ता. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि ते बहुतेक कार्डांवर महिना तीन टक्क्यांच्या वर असतं. झटपट कर्जाच्या ॲपांपासून लांबच राहा. फोनमधले संपर्क वाचायची परवानगी मागणारं ॲप वसुलीच्या वेळी तुमच्या आईला आणि साहेबांना फोन करू शकतं, आणि नोकरी शोधणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही.

घर सोडायचं की थांबायचं

स्वस्त घरात जाण्याचा विचार लगेच येतो. 16,000 च्या घरात गेलं तर महिना 8,000 वाचतात. पण ब्रोकरचं एक भाडं 16,000, टेम्पो आणि हमालीचे समजा 8,000, नव्या कराराचे 2,000 धरले तर 26,000 रुपये आधी जातात. ते भरून निघायला सव्वातीन महिने लागतात, शिवाय जुनं डिपॉझिट हातात येण्याआधी नवं द्यावं लागतं. छोट्या खंडासाठी हा व्यवहार परवडत नाही. एकटे किंवा दोघे असाल तर मालक आणि सोसायटीला विचारून एका खोलीत रूममेट घेणं जास्त सोपं. त्याचं नाव करारात घाला आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंद करून घ्या. न विचारता कुणाला ठेवलं तर करारभंग होतो.

तिसऱ्या भाड्याच्या तारखेपर्यंत हातात ऑफर लेटर नसेल, तर मात्र नोटीस द्यायला उशीर करू नका. डिपॉझिटमधली उरलेली रक्कम नोटिशीच्या महिन्यात वळती होते आणि थकबाकी न ठेवता गावी किंवा नातेवाइकांकडे जाता येतं. जाताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, डिपॉझिटचा हिशोब लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि किल्ल्या दिल्याची पावती करून घ्या.