दोष दिसला नाही, म्हणून दोष नाही?

मागच्या वेळी आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट दिसत नाही, यावरून ती तिथे नाही असं कधी म्हणता येतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी मानलं नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती त्यातली अट. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असायला हवी. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. या अटीसह जी अनुपलब्धी, ती योग्यानुपलब्धी.

आता घडा सोडून मोटारगाडी घेऊ. १९९४ च्या सुमाराची गोष्ट आहे. माझी पत्नी तेव्हा वाईला नोकरी करत होती आणि दर सोमवारी पुण्याहून आमची जुनी गाडी घेऊन जायची. एकदा म्हणाली, "गाडी चालता चालता मरते. चढावर कधीच नाही. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवला की." मी हसलो. चढावर ओढते आणि सपाटीवर मरते, असं कुठे असतं का! गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, मी शहरात फेरी मारली, काही झालं नाही. मिस्त्री म्हणाले, "बाईंचा पाय क्लचवर राहत असेल." मीही मान डोलावली. तरी खबरदारी म्हणून कॉइल बदलली. दोन आठवडे गाडी उत्तम चालली. तिसऱ्या सोमवारी शिरवळच्या अलीकडे ती भर हायवेवर बंद पडली, मागे भरलेला ट्रक होता. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी बाजूने काढला, म्हणून आज ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे.

आमची चूक कुठे झाली, हे कळायला या इंजिनाची ठिणगी कशी पडते ते पाहायला हवं. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह चावीच्या स्विचमधून कॉइलमध्ये येतो. तिथून तो डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमार्गे जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जातो. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. ते प्लगला जातात. या साखळीत कुठेही क्षणभर खंड पडला की ठिणगी गेली.

आधी पेट्रोलचा दोष की ठिणगीचा, हे ठरवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी बहुधा आचके देत, हळूहळू दम सोडते. ठिणगी गेली तर दिवा मालवावा तशी एकदम मरते. पत्नीने "मरते" म्हटलं होतं, "दमते" नाही. साक्षीदाराचे शब्द नीट ऐकावेत ते यासाठी.

मग साखळीचे दोन भाग करा. कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकापासून एक लहान १२ व्होल्टचा दिवा जोडा आणि तो आत, डोळ्यांसमोर ठेवा. गाडी मेली त्या क्षणी दिवाही गेला, तर दोष अलीकडे आहे : स्विच, फ्यूज, एखादा सैल किंवा गंजलेला जोड. दिवा राहिला, तर दोष पलीकडे.

इथे मीटर फसवू शकतो, बरं का. खराब जोडाचा रोध १ ओहम धरा, कॉइलचा ३ ओहम. पॉइंट मिटलेले असताना ३ अँपिअर वाहतात आणि त्या जोडातच ३ व्होल्ट खर्ची पडतात. कॉइलला उरतात ९. पण पॉइंट उघडे असताना मोजाल, तर प्रवाहच नाही, म्हणून मीटर निवांत १२ दाखवतो. पुन्हा अंधारातला घडा! भार असतानाच मोजायचं. बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलपर्यंतची घट अर्ध्या व्होल्टहून जास्त नसावी. कॉइलच्या आधी मुद्दाम रोध बसवलेला असेल, तर हा हिशेब लागू नाही.

आमच्या गाडीत दिवा जळत राहिला. म्हणजे दोष पलीकडे. मग दुसऱ्या मिस्त्रींनी पत्नीलाच विचारलं, "ताई, नेमकं कधी?" तिने तेच सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट ज्या पट्टीवर बसतात, ती इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, थोडी फिरते. हलक्या पायाने एकसारख्या वेगात ही ओढ भरपूर असते. चढावर पेडल दाबलं की ती कमी होते. आमच्या गाडीत इंजिन जागेवर मंद चालताना त्या नळीत ती जवळजवळ नसायचीच. त्यांनी नळी काढून तोंडाने हवा ओढली आणि इंजिन जागच्या जागी मेलं. सोडली, की पुन्हा सुरू. पट्टीबरोबर हलणारी बोटभर तार आवरणाच्या आत तुटलेली होती.

म्हणजे गॅरेजमधल्या अर्ध्या तासात दोष दिसण्याची योग्यताच नव्हती. आणि कॉइलचं काय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. बदलताना तारा हलल्या, तुटकी टोकं काही दिवस टेकून राहिली. म्हणून भाग बदलून गाडी सुधारली, तर तो अन्वय झाला. व्यतिरेकासाठी जुना भाग परत लावून दोष परत येतो का, ते पाहा. मिलनेही १८४३ च्या ग्रंथात फरकाच्या पद्धतीत हेच मागितलं आहे : बाकी सगळं तेच, बदल एकच.

घरी करून पाहणार असाल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात पंख्यापासून दूर ठेवा. प्लगच्या जाड तारांना चालू इंजिनात हात लावू नका, पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही जाऊ नये. नव्या गाड्यांत पॉइंट नसतात, सेन्सर आणि संगणक असतो, तिथल्या तारांना असला दिवा लावू नका. पण विचाराची रीत तीच : गाडी कोणत्या परिस्थितीत मरते ते आधी विचारा, ती परिस्थिती निर्माण करा, मगच "दोष नाही" म्हणा.

त्या दिवशी मी पत्नीची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, पुढच्या वेळी आधी ऐक." पुढचं व्याख्यान शब्दप्रमाणावर आहे.