मिटलं म्हणजे नेमकं काय मिटलं?



गावात एखाद्या मुलीवर किंवा बाईवर अत्याचार झाला, की दुसऱ्या दिवसापर्यंत एक वाक्य तिच्या घरी पोचतं, ‘जाऊ द्या, मिटवून टाका.’ समोरचा माणूस जितका मोठा, तितकं ते लवकर पोचतं. कधी पैसे पुढे केले जातात, कधी जमिनीचा तुकडा, कधी लग्नाची तयारी. आज आपण या ‘मिटवून टाका’बद्दल बोलू. त्यासाठी आधी शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट ऐका. ती राजाची आहे आणि तिचा धागा आपल्या नाशिकलाही येऊन मिळतो.

होळकरांचं नाव आपल्या जिल्ह्यात आदरानं घेतलं जातं, ते अहिल्याबाईंमुळं. चांदवडचा रंगमहाल पाहिला की त्यांचीच आठवण होते. मी सांगते ती गोष्ट त्यांच्या सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरची. तेव्हा इंदूरच्या गादीवर तुकोजीराव होळकर, तिसरे, होते. त्यांच्या दरबारात मुमताज बेगम नावाची नाचगाणं करणारी एक बाई होती. अगदी लहान वयात ती तिथं आली होती. पुढं तिनं कोर्टात सांगितलं की तिला तिथं राहायचं नव्हतं, पण सोडत नव्हते. तिला मुलगी झाली आणि ती मुलगी सुइणींनी मारली, असंही तिनं साक्षीत सांगितलं. शेवटी प्रवासात संधी साधून ती निसटली आणि मुंबईला आली. तिथं अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्यानं तिला आसरा दिला.

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर बावला आणि मुमताज मोटारीतून फिरायला निघाले होते. मागून दुसरी मोटार आली आणि त्यांच्या मोटारीला धडकली. त्यातून माणसं उतरली, त्यांनी बावलावर गोळ्या झाडल्या आणि मुमताजला ओढून न्यायला लागले. तिच्या चेहऱ्यावर सुरीचे वार केले. नेमके त्याच वेळी काही इंग्रज लष्करी अधिकारी गोल्फ खेळून त्या रस्त्यानं परतत होते. ते मध्ये पडले, म्हणून ती वाचली. बावला मात्र गेला.

मुंबई हायकोर्टात खटला चालला. आरोपींत इंदूर संस्थानातली माणसं होती, एक तर तिथल्या फौजेतला बडा अधिकारी. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशी आणि चौघांना जन्मठेप सुनावली. पण बाईला पळवून आणा म्हणून सांगणारा कोण, हा प्रश्न उरलाच. संस्थानिकाला साध्या माणसासारखं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नव्हतं. म्हणून इंग्रज सरकारनं महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. महाराजांनी गादी सोडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाला, यशवंतरावांना, राज्य दिलं. अट एकच होती, या प्रकरणाची पुढं चौकशी करायची नाही.

मैत्रिणींनो, ही तडजोडच होती. राजाची गादी गेली, सरकारची डोकेदुखी गेली. पण मुमताजनं जे सांगितलं होतं, तिचं कोंडलेपण, तिचं बाळ, त्याची चौकशी झाली का? नाही. ती दारं त्या अटीनं बंद झाली.

लोक काय म्हणाले, तेही बघण्यासारखं आहे. वर्तमानपत्रं या बातमीनं भरून गेली. त्याच वर्षी ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट या प्रकरणावरून निघाला. इंग्रजांना एक संस्थानिक खाली खेचायला निमित्त मिळालं, असं म्हणणारेही होते. पण जिच्या तोंडावर वार झाले, तिची ओळख पेपरात काय, तर ‘नाचणारी’. एकदा बाईला असं नाव चिकटलं, की तिच्या दुःखाची किंमत लोक आपोआप कमी करतात.

आणि नाशिकचा धागा? गादी सोडल्यावर दोनच वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईशी लग्न केलं. त्याआधी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली गेली ती आपल्या नाशिकमध्ये, शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते. तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं. देशभर चर्चा झाली. पण चर्चा कशाची? परदेशी बाई राजघराण्यात कशी, तिची जात कोणती धरायची, याची. मलबार हिलचा प्रश्न तोवर मागं पडला होता. मोठ्या माणसाचं आयुष्य असं पुन्हा सुरू होतं. तुकोजीराव पुढं पन्नास वर्षं जगले.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, राजे-महाराजे संपले. मग अलीकडचं बघू.

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे चिरंजीव अँड्र्यू. व्हर्जिनिया जुफ्रे नावाच्या बाईनं ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्यांच्यावर दावा लावला. जेफ्री एपस्टीन या धनाढ्य माणसानं आपल्याला जाळ्यात ओढलं आणि आपण सतरा वर्षांची असताना अँड्र्यू यांनी आपल्यावर अत्याचार केला, असं तिचं म्हणणं होतं. अँड्र्यू यांनी ते कायम नाकारलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, साक्षी होण्याआधीच, दोघांत तडजोड झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला नाही, किती पैसे दिले ते जाहीर केलं नाही. पीडितांसाठी काम करणाऱ्या तिच्या संस्थेला देणगी द्यायचं मान्य केलं.

यावर तिथले लोक दोन तऱ्हेनं बोलले. एक गट म्हणाला, ‘निर्दोष होते तर पैसे कशाला दिले? आणि ते कुणाच्या खिशातले, जनतेच्या की आईच्या?’ दुसरा गट म्हणाला, ‘तिला पैसेच हवे होते.’ ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे पारावर बोलतात तेच, फक्त भाषा इंग्रजी.

तरी तिथं एक गोष्ट वेगळी घडली. कोर्टातलं प्रकरण मिटलं, पण लोकांनी ते मिटू दिलं नाही. तडजोडीआधीच त्यांची लष्करी मानाची पदं गेली होती. एप्रिल २०२२ मध्ये यॉर्क शहराच्या नगरसेवकांनी त्यांना दिलेला शहराचा मान काढून घेतला. लोकांचा रेटा थांबला नाही, नवी माहिती बाहेर येत राहिली. व्हर्जिनिया एप्रिल २०२५ मध्ये वारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजे चार्ल्स यांनी भावाचा ‘प्रिन्स’ हा किताबही काढायला घेतला. हे बघायला ती मात्र नव्हती.

आता इथं एक फरक नीट समजून घ्या. व्हर्जिनियाचा दावा दिवाणी होता, म्हणजे नुकसानभरपाईचा. तसा दावा लावणाऱ्याला तो मिटवायचा हक्क असतो. वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहून तेच तेच सांगायचं, उलटतपासणी सोसायची, हे काय असतं ते तिलाच ठाऊक. म्हणून तिनं तडजोड केली याचा दोष तिला देऊ नये.

पण आपल्याकडे बलात्कार हा फौजदारी गुन्हा आहे. तो फक्त त्या बाईविरुद्ध नाही, सरकार स्वतः फिर्यादीच्या बाजूनं खटला चालवतं. तो आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणजे पंच, पाटील, सरपंच, भावकी, कुणालाही तो मिटवण्याचा अधिकार नाही. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की बलात्कारात तडजोड चालत नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की लहान मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचा खटला दोन्ही घरांनी समझोता केला म्हणून रद्द करता येणार नाही. आणि पोक्सोखालचा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणजे मिटवायला बसलेली मोठी माणसं स्वतःच अडचणीत येऊ शकतात.

‘लग्न लावून द्या’ हाही मिटवण्याचाच प्रकार. मार्च २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयातच, आरोपीला ‘तिच्याशी लग्न करणार का’ असं विचारलं गेल्याची बातमी आली. हजारो स्त्री-पुरुषांनी सह्यांचं पत्र लिहून त्याचा निषेध केला. आपल्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला गेला, असा खुलासा न्यायालयानं केला. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या न्यायाधीशांना बजावलं, की असल्या खटल्यांत लग्न किंवा समझोता सुचवायचा नाही. लोक बोलतात त्याचं वजन असतं, ते असं.

मग कामाच्या जागेचं काय? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, लासलगावच्या कांद्याच्या खळ्या, नाशिकमधली घरकामं, सगळीकडे आपल्या बायका आहेत. मुकादमानं किंवा मालकानं अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं हा लैंगिक छळ आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी नोडल अधिकारी नेमायचा असतो. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करावी. या कायद्यात समेटाची वाट आहे, पण ती फक्त बाईनं स्वतः मागितली तर. आणि त्या समेटात पैशाची देवघेव आधार म्हणून धरता येत नाही.

‘आम्हाला पैशाची गरज होती म्हणून मिटवलं,’ असं एखादी म्हणाली तर तिच्यावर रागावू नका. गरज खरी असते. दवाखाना, कोर्टाच्या खेपा, बुडालेला रोज. पण त्यासाठी आरोपीच्या दारात जायचं कारण नाही. अशा पीडितेवर सरकारी काय, खासगी काय, कोणत्याही दवाखान्यानं मोफत उपचार करायला हवेत. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला की ठरावीक प्रकरणांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. वकीलही तिथूनच मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन लक्षात ठेवा: कायदेशीर मदतीला १५१००, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. गुन्हा कुठंही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यावीच लागते. बलात्काराची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला कायद्यात शिक्षा आहे.

आता आपल्या बचत गटानं करायचं काय? कुणी ‘मिटवा’ म्हणत आलं, की बैठकीत तीन प्रश्न विचारा. मिटवा असं म्हणतंय कोण, ती की दुसरं कुणी? यातून कोण सुटतंय? आणि तिनं जे सांगितलं ते कुणी पुरतं ऐकून घेतलं का? पहिल्याचं उत्तर ‘दुसरं कुणी’ असेल, दुसऱ्याचं ‘आरोपी’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’, तर समजा, काहीच मिटलेलं नाही. दोघीजणी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. एकीनं तिची लेकरं सांभाळा. दुसऱ्या दिवशी ती शेतावर कामाला आली, तर तिच्या शेजारी ओळ धरा.

मुमताजच्या बाजूला कुणी गट नव्हता. आपल्या गावातल्या बाईच्या बाजूला आपण आहोत, एवढं तिला माहीत असू द्या.